धोटा, गोटी आणि गती

‘गती’ या शब्दाला मराठीत अर्थ पुष्कळ. गेलेल्या माणसास सद्गती मिळते, अडलेल्या कामास गती येते, ‘दुसरी गती नाही’ असे म्हणून माणूस हात टेकतो, आणि एखाद्या मुलास गणितात किंवा विज्ञानात ‘गती नाही’ असा शेराही आपण सहज मारतो. या शेवटल्या अर्थाने हा शब्द आम्ही डिंडोलीत इतक्या वेळा ऐकला की पदार्थविज्ञानातली गती आणि अंगची गती यांचा काही संबंध आहे काय, हे पाहण्याचा छंद आम्हांस निवृत्तीनंतर लागला. शनिवारी दुपारी एका मराठी शाळेत आठवीच्या मुलामुलींबरोबर आम्ही दोन तास घालवतो. शाळेने एक खोली दिली आहे, आणि कोणी परीक्षा घेत नाही. या दोन्ही गोष्टींचा लाभ मोठा आहे.

या बुलेटिनच्या वाचकांपैकी बहुतेकांची घराणी गुजरातेत तीन-चार पिढ्यांपूर्वी स्थिरावली. कोणी गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने, कोणी रेल्वेच्या, कोणी पेढीच्या. डिंडोली, लिंबायत, उधना या भागांतली मराठी वस्ती त्या मानाने अलीकडची आणि मुख्यतः खानदेशातून आलेली. एकोणिसावे शतक सरता सरता तापी खोऱ्यातून जी आगगाडी सुरू झाली, तिच्याच मार्गाने धुळे-जळगावकडची माणसे पुढे कामाच्या शोधात सुरतेत उतरली आणि यंत्रमागांवर लागली. आपल्या घरांतली नातवंडे आज इंग्रजी शाळांत जातात. सुरतेतल्या मराठी शाळांचे वर्ग भरतात ते या मंडळींच्या मुलांनी. ‘गती नाही’ हा शेरा ज्यांच्यावर बसतो ती हीच मुले. आणि गंमत अशी की या शहरात गतीच्या इतक्या निकट दुसरे कोणी राहत नसेल. घराच्या एका अंगाला उधना-जळगावची गाडी जाते. दुसऱ्या अंगाला मागाचे खाते खडखडत असते, आणि मकरसंक्रांतीला तर सारी वस्ती गच्चीवर असते.

शाळेत मात्र गती येते ती व्याख्येच्या रूपाने. ‘एकक कालावधीत वस्तूने कापलेले अंतर म्हणजे चाल’ हे वाक्य वर्गातली चाळीस मुले एका सुरात म्हणतात, आणि त्यातल्या एकालाही आपण काय म्हटले हे सांगता येत नाही. शिक्षकांस आम्ही दोष देत नाही. त्यांच्या माथ्यावर अभ्यासक्रम, गणना, नोंदवह्या आणि निवडणुकीची कामे आहेत. क्वचित प्रयोग दाखवला जातो तोही हातचलाखीसारखा. पेल्यावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर नाणे; पुठ्ठ्यास टिचकी मारली की नाणे पेल्यात पडते. मुले टाळ्या वाजवतात, फळ्यावर ‘जडत्व’ लिहिले जाते आणि तास संपतो. प्रयोगाने प्रश्नच विचारलेला नसतो. मग उत्तर कशाचे मिळणार?

म्हणून आम्ही एकच नियम ठेवला. आधी प्रत्येकाने काय होईल ते कागदावर लिहायचे, का होईल तेही लिहायचे, आणि मगच वस्तूला हात लावायचा.

पहिला प्रश्न आम्ही मुलांच्याच घरातून उचलला. मागावर धोटा, म्हणजे सारे ज्याला ‘शटल’ म्हणतात तो, एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो. लाकडी दांडा त्याला फटका देतो आणि तो ताण्याच्या उघडलेल्या धाग्यांमधून पलीकडे निघतो. साध्या यंत्रमागावर हे मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा घडते. आमचा प्रश्न असा : दांड्याचा स्पर्श सुटल्यानंतर, धोटा मधोमध असताना, त्याला पुढे कोण ढकलते?

चाळीस कागदांपैकी बहुतेकांवर थोड्याफार फरकाने एकच उत्तर होते. दांडा मारतो तेव्हा शटलमध्ये जोर भरतो. तो जोर त्याला पुढे नेतो. पलीकडे पोचेपर्यंत जोर संपतो आणि शटल थांबते.

हे उत्तर आजच्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे चूक आहे. परंतु ते वाचून आम्ही थबकलो, कारण असे उत्तर देणारी मंडळी थोर आहेत. कणादांच्या वैशेषिक सूत्रांत पाचव्या अध्यायात बाणाचा विचार आहे. धनुष्यातून सुटलेल्या बाणाची पहिली क्रिया दोरीच्या रेट्याने होते. त्या क्रियेतून बाणात ‘संस्कार’ उत्पन्न होतो आणि पुढच्या क्रिया त्या संस्काराने घडतात. संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे बाण खाली येतो. तरुणपणी पिसा येथे शिकवीत असताना खुद्द गॅलिलिओची समजूतही याच जातीची होती : फेकलेल्या वस्तूत शक्ती ठसते आणि आपोआप विरत जाते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँने एक पाऊल पुढे टाकून म्हटले होते की आत भरलेले ते काही आपोआप विरत नाही, अडथळ्याने खर्ची पडते. डिंडोलीचा आठवीचा वर्ग म्हणजे या पंगतीत बसलेला वर्ग होय. त्याला ‘गती नाही’ म्हणणाऱ्याने आधी कणादांचा विचार करावा!

मुलांस आम्ही यातले काहीच सांगितले नाही. ‘चूक’ असेही म्हटले नाही. फक्त विचारले, की जोर आपोआप संपतो हे कशावरून? वर्ग गप्प होता. मग मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, जोर संपत असेल तर पलीकडच्या पेटीत खटाक् आवाज कशाचा होतो?”

ज्या आवाजाने त्यांची झोप होते आणि मोडतेही, तो आवाजच साक्षीला उभा राहिला. धोटा पलीकडे पोचतो तेव्हा दमलेला नसतो. पेटीच्या बाजूची पट्टी त्याला दाबून धरते, म्हणून तो थांबतो. ती पट्टी सैल पडली तर धोटा उलटा उसळतो, आणि काही बिघडले तर मागाबाहेर उडतो. एका मुलीने सांगितले की तिच्या वडिलांच्या भुवईवर अशाच उडालेल्या शटलची खूण आहे. “ते वळले नाही, सरळ आले,” एवढेच ती म्हणाली. न्यूटनच्या पहिल्या नियमातले ‘सरळ रेषेत’ हे शब्द आम्ही कॉलेजात पाठ केले होते. त्यांचा अर्थ इतका जवळून आम्हांसही कधी दिसला नव्हता.

पुढच्या शनिवारी कॅरम आणला. हाताच्या टिचकीवर भरवसा नको, म्हणून दोन खिळ्यांत रबर ताणून गलोल केली आणि दर वेळी रबर खुणेपर्यंतच ओढायचे ठरले. तोच स्ट्रायकर आधी खरबरीत फरशीवर, मग कोऱ्या कॅरमवर, मग बोरिक पावडर टाकलेल्या कॅरमवर सोडला. फरशीवर तो वीतभर जाऊन थांबला. पावडरीवर समोरच्या कडेला आपटून परत आला. फटका तोच, मग जोर फरशीवर लवकर कसा संपला? मुलांनी स्वतःच म्हटले की तो संपला नाही, फरशीने खाल्ला. म्हणजे वर्ग तासाभरात ब्युरिदाँपर्यंत आला होता. आणि पावडरीहूनही गुळगुळीत, काहीच न खाणारी फरशी असती तर? याचे उत्तर मिळायला आणखी दोन शनिवार गेले. ते उत्तर डोळ्यांनी दाखवता येत नाही; तिथवर मनानेच जावे लागते. गॅलिलिओलाही तसेच जावे लागले होते. वर्गातल्या काही मुलांस ते आजही पटलेले नाही, आणि आम्ही त्यांची घाई करीत नाही.

आमच्या सर्वांत आवडीचा प्रयोग उताराचा. खिडकीच्या पडद्याची ॲल्युमिनियमची पन्हळ, सुमारे एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीची, एका टोकाखाली उभी वीट ठेवून तिरकी केली आणि वरून गोटी सोडली. पन्हळीवर आडवे बारीक सूत बांधले, म्हणजे गोटी त्यावरून जाताना ‘टक्’ असा नाद होतो. सुताला सुरतेत काय तोटा! आधी ही सुते समान अंतरावर बांधली, दर चाळीस सेंटिमीटरला एक. टक्-टक् यांतले अंतर घटत गेले. गोटीचा वेग वाढतो हे डोळे मिटूनही कळले. मग आव्हान दिले : नाद समान कालांतराने व्हावेत अशी सुते बांधून दाखवा. कान हेच घड्याळ.

तो दुपारचा वेळ आम्ही विसरणार नाही. वर्गातला एक मुलगा गणपतीच्या मिरवणुकीत ताशा वाजवतो. लयीतली चूक त्याच्या कानाला लगेच खुपे. ‘हे सूत बोटभर खाली’, ‘आता ते वर’ असे तो सांगत गेला आणि बाकीचे सूत सरकवत गेले. शेवटी लय जमली तेव्हा वरून अंतरे मोजली. पहिले सूत दहा सेंटिमीटरवर होते. पुढची थोड्या फरकाने चाळीस, नव्वद आणि एकशे साठवर आली. एक, चार, नऊ, सोळा. हे वर्ग आहेत हे एका मुलीला दिसले. लगतच्या सुतांमधली अंतरे एक, तीन, पाच, सात अशी विषम संख्यांची आहेत हे दुसरीला. सन १६३८ मध्ये छापल्या गेलेल्या आपल्या ग्रंथात गॅलिलिओने हाच नियम दिला आहे. सूक्ष्म काळ मोजणारे घड्याळ त्याच्यापाशी नव्हते. त्याच्या कागदपत्रांवर काम करणाऱ्यांपैकी काहींचे म्हणणे असे की त्यानेही पन्हळीवर आडव्या ताती बांधून संगीतज्ञाच्या कानाने काळ मोजला असावा. त्याचे वडील नामांकित वीणावादक होते, हे येथे ध्यानात घेण्यासारखे आहे.

ग्रंथात मात्र त्याने दुसरीच रीत लिहिली आहे, आणि तिने आमच्या जुन्या व्यवसायाला साद घातली. लाकडी तुळईत कोरलेली, आतून चामड्याच्या गुळगुळीत पत्र्याने मढवलेली पन्हळ. त्यात काशाचा गोळा. आणि काळ मोजण्यासाठी पाण्याने भरलेले मोठे पात्र, त्याच्या बुडाला बारीक नळी. गोळा सुटताच नळी मोकळी करायची, पोचताच बंद करायची, आणि पेल्यात जमलेले पाणी अचूक तराजूत तोलायचे. म्हणजे काळ चक्क तोलून घ्यायचा. आमची उभी नोकरी तोलमाप खात्यात गेली. मापे मारणारे, तराजूच्या पारड्याखाली चिंच चिकटवणारे आम्ही पुष्कळ पाहिले. परंतु तराजूत काळ तोलता येतो हे खात्याच्या कोणत्याही परिपत्रकात नव्हते!

मुलांकडे मोबाइल होते आणि त्यांत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारे घड्याळ होते, तेव्हा बादली-नळीचा हा उपद्व्याप कशाला, असे एका तरुण शिक्षकांनी विचारले. प्रश्न रास्त होता. मुलांनीच तो पडताळला. गोटी एकच, उतार एकच, पाच मुलांच्या हाती पाच मोबाइल. पाच निराळे आकडे आले. आकडा शंभराव्या भागाचा असला तरी अंगठा तेवढा चपळ नाही. नळीवर बोट ठेवणाऱ्या मुलाचीही तीच अडचण, पण एकाच मुलाने दहा-दहा वेळा सराव केल्यावर पाण्याची वजने जवळजवळ येऊ लागली : पूर्ण अंतराला अडतीस ग्रॅमच्या आसपास, पाव अंतराला एकोणीस-वीस. अंतर चौथाई, काळ निम्मा. गॅलिलिओने आपला प्रयोग शंभर वेळा केल्याचे लिहिले आहे. ते वाचताना पूर्वी आम्हांस अतिशयोक्ती वाटे, आता वाटत नाही. यंत्र दाखवते ते सत्य नव्हे, मापातला दोष किती हे ठाऊक असणे हीच मापाची खरी किंमत, हे आम्ही दुकानदारांस तीस वर्षे सांगितले. मुलांस ते एका दुपारी कळले.

बाकीचे प्रयोग सर्वत्र करतात तेच. वहीच्या पाठीवर कागदाचा तुकडा ठेवून वही सोडली की दोन्ही बरोबर पडतात. चंद्रावर १९७१ साली अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी हातोडा आणि पीस एकदम सोडून दाखवले होते, तेही मुलांस चित्रफितीत दाखवले. दोरीवरून फुगा धावला. पुलाच्या कठड्यामागे सुरक्षित उभे राहून गाडीचा वेग मोजला : नव्या धाटणीचा एक डबा सुमारे चोवीस मीटर लांब, तेव्हा डबे मोजा, सेकंद मोजा, भागाकार करा. उधना स्टेशनात शेजारची गाडी हलली की आपलीच सुटली असे वाटते, हा अनुभव तर खानदेशात जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे. सापेक्ष गती त्यांना निराळी शिकवावी लागली नाही.

एक गणित मात्र विस्ताराने सांगतो, कारण ते डिंडोलीतच सुचू शकते. ‘डेनियर’ हा शब्द सुरतेतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. नऊ हजार मीटर सुताचे वजन जितके ग्रॅम, तितके डेनियर. समजा बाण्याचे सूत पंचाहत्तर डेनियरचे आहे आणि कापडाचा पन्हा सव्वा मीटर. तर धोट्याच्या एका फेरीत जे सूत कापडात राहते त्याचे वजन किती? मुलांनी भागाकार केला : सुमारे दहा मिलिग्रॅम. आणि ते पोचवणारा धोटा? एका मुलाने घरून जुना आणला होता; तोलला तर चारशे ग्रॅमच्या घरात. म्हणजे दहा मिलिग्रॅमचा टपाल पोचवण्यासाठी त्याच्या चाळीस हजार पट वजनाचा टपालवाला दर फेरीला पळवायचा, आणि लगेच थांबवायचा! दर वेळी गती द्यायची, दर वेळी काढून घ्यायची. तो सारा खर्च विजेचा, आणि आवाजही त्यातलाच. १७३३ साली जॉन के याने इंग्लंडात उडता धोटा काढल्यापासून ही उधळपट्टी चालू आहे. सुरतेत आता पाण्याच्या फवाऱ्याचे माग आले आहेत. त्यांत धोटाच नाही. पाण्याचे काही थेंब सुताला पलीकडे नेतात आणि मिनिटाला सहाशे व त्याहून अधिक फेरे होतात. ते इतके भरभर का चालतात, हे वस्तुमान आणि वेग यांच्या गुणाकारातून मुलांस कळले. त्यांच्यापैकी काहींच्या वडिलांचे जुने माग भंगारात का गेले आणि चार मागांमागे लागणारी माणसे कमी का झाली, हेही त्याच गुणाकारात होते. तो भाग कोणी बोलून दाखवला नाही. एका मुलाने धोटा परत पिशवीत ठेवला, इतकेच.

आता आमच्या मनातली खरी काळजी. आठवीनंतर यांतली बरीच मुले गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात जातात. मराठीतले ‘त्वरण’ तिथे ‘प्रवेग’ होते, ‘संवेग’ ‘वेगमान’ होतो आणि ‘चाल’ची ‘झडप’ होते. मराठी कानाला झडप म्हणजे घारीची! आठ वर्षे पाठ केलेली व्याख्या एका उन्हाळ्यात निरुपयोगी होते, आणि मुलास पुन्हा ‘गती नाही’ ठरवले जाते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती आणि खात्यात हिंदी, अशी चार भाषांची कसरत हे मूल रोज करते, ती मात्र कोणाच्या हिशेबात नाही.

हा प्रश्न नवा नाही. मुंबईत १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले; वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. त्या केंद्राने आरंभीच्या वर्षांतच जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याच्या परिसरात ग्रामीण शाळांबरोबर काम केले, आणि विज्ञान अडते ते पुष्कळदा भाषेपाशी अडते याकडे लक्ष वेधले. आमच्या वर्गातल्या काहींचे आजोळ त्याच भागातले. त्याआधी १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबादेच्या सोळा शाळांतून प्रयोगाधारित विज्ञान शिक्षण सुरू झाले होते. ते वाढले, तीस वर्षे चालले आणि २००२ साली सरकारने बंद केले. पुण्याच्या कारखान्यातून रजा घेऊन तिकडे गेलेले अभियंता अरविंद गुप्ता यांनी सायकलची व्हॉल्व ट्यूब आणि आगकाड्या यांतून खेळणी घडवली. पुढे पुण्याच्या आयुकात त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. आणि आपल्या वाचकांस तर बडोद्याचे कलाभवन सांगायला नको. सयाजीरावांच्या आश्रयाने १८९० साली ते उभे करणारे त्रिभुवनदास गज्जर सुरतेचेच. देशी भाषांतून शास्त्र शिकवता येते, मात्र त्यासाठी शब्द घडवावे लागतात, हा त्यांचा ध्यास होता. आपल्या पणजोबांच्या काळी हे शहाणपण येथेच होते; ते खानदेशातल्या मुलांच्या वाट्याला यायला तापीवरून इतके पाणी का वाहावे लागले, हे आम्हांस कळत नाही.

आम्ही मुलांच्या वहीत आता एक रकाना वाढवला आहे. डावीकडे प्रयोगाचे चित्र. त्याखाली मुलाच्या स्वतःच्या शब्दांत काय झाले ते. मग मराठी, गुजराती, इंग्रजी असे तीन शब्द. गेल्या वर्षी गुजराती माध्यमात गेलेली एक मुलगी मध्यंतरी भेटली. ‘प्रवेग’ आला तेव्हा गोंधळ झाला का, असे विचारले, तर म्हणाली, “नाही सर, ती सुतांची गोटी होती ना.” मात्र ‘वेगमान’ अजून अडते असेही ती म्हणाली. त्याचा चांगला प्रयोग आमच्याकडे अद्याप नाही.

सामानाचे म्हणाल तर पन्हळ शाळेच्या कपाटात आहे, गोट्या दर महिन्याला हरवतात, बादली शिपाईमामांची आहे. एकच गोष्ट कमी पडते. पाणी तोलायला सध्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा मागून आणावा लागतो. त्यात आकडा दिसतो, तोल दिसत नाही. वाचकांपैकी कोणाच्या माळ्यावर जुना सोनारी तराजू, काचेच्या पेटीतला असल्यास उत्तमच, पडून असेल तर मंडळाच्या कार्यालयात कळवावे. वजने अपुरी असली तरी चालतील, पुरी करून घेऊ. पडताळणीचा शिक्का नसला तरीही हरकत नाही. आम्ही आता निवृत्त आहोत.